खिडकी क्रमांक नऊ

माणूस खोटं बोलतो. सहा आकडे खोटं बोलत नाहीत. हे तत्त्व एकदा पटलं की संस्थेचा निम्मा कारभार सुरळीत होतो (उरलेला निम्मा आधीही होत नव्हता). म्हणूनच आमच्या नेत्ररुग्णालयाने ठराव केला, की शस्त्रक्रियेची तारीख घेणे, पक्की करणे, बदलणे वा दुसऱ्याच्या नावे करणे ही कामे यापुढे केवळ रुग्णाच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेच होतील. ओटीपी तीन मिनिटांत बाद होतो, आणि तो कोणालाही सांगू नये अशी सक्त ताकीद त्याच संदेशात असते. सुरक्षा समितीचा सचिव या नात्याने ती ताकीद मी स्वतः लिहिली आहे.

अंमलबजावणीत एकच किरकोळ अडचण आली. डोळ्यांच्या रुग्णालयात येणाऱ्यांना मोबाइलवरचं वाचता येत नाही.

समितीने तीन बैठकांत तोडगा काढला. प्रतीक्षागृहात माइक बसवला आणि भोंग्याची नेमणूक केली. (भोंगा हा आमचा शिपाई. त्याचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण त्याचा आवाज ऐकल्यावर ते कोणाला आठवत नाही.) रुग्णाचा फोन हातात घेऊन भोंगा आधी केसपेपरचा नंबर पुकारतो, मग ताकीद वाचतो, मग ओटीपी, तोही दोनदा, म्हणजे ऐकण्यात चूक नको. "हा नंबर कोणालाही सांगू नका! चार, सात, शून्य..." गोपनीयतेसाठी इतरांनी त्या वेळी दुसरा काहीतरी विचार करावा, अशी पाटी भिंतीवर आहे. पाटीबद्दल एकाही रुग्णाची तक्रार नाही. वाचता आली तर तक्रार करणार ना!

दुसरी सुधारणा म्हणजे 'पंडित'. हा संगणकातला बोलका सहायक. तक्रार ऐकतो, उत्तर देतो, कधी चिडत नाही, चहाला उठत नाही. त्याने जगातलं झाडून सगळं वाचलं आहे, फक्त आमचं रुग्णालय पाहिलेलं नाही. त्याची सत्त्याण्णव टक्के उत्तरं बरोबर असतात, असं तो स्वतःच सांगतो.

आता शिवणवाल्या मावशींविषयी. डावा डोळा केव्हाच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू पिकलेला. दोन महिने सुईत दोरा ओवता आला नव्हता. गिऱ्हाइकं एकेक करून समोरच्या दुकानात चालली होती, आणि मशीन बंद पडलं की चूलही बंद, असा साधा हिशोब होता. त्यांना गुरुवारची तारीख मिळाली होती. सोमवारी त्या ती पक्की करायला आल्या. भोंग्याने त्यांचा केसपेपर नंबर खणखणीत पुकारला.

मागच्या बाकावर एक जावईबापू सासऱ्यांना घेऊन बसले होते. सासऱ्यांना तारीख मिळाली होती अकरा महिन्यांनंतरची. जावईबापूंनी दुसरा विचार केला (पाटीचं पालन करणारे ते पहिलेच). मावशींचा नंबर आपल्या मोबाइलवर टाकून त्यांनी 'तारीख दुसऱ्याच्या नावे करा' हे बटण दाबलं. ओटीपी नियमानुसार मावशींच्या फोनवर आला. मावशींना वाटलं, तारीख पक्की करायचाच असेल. त्यांनी फोन भोंग्याच्या हाती दिला. पुढे भोंग्याने आपलं कर्तव्य दोनदा बजावलं.

दफ्तरी नोंद झाली ती अशी : 'रुग्णाने स्वखुशीने तारखेचा त्याग केला.'

"अहो, मी कशाला देऊ माझी तारीख?" मावशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या. "मी इथे जिवंत उभी आहे. मीच सांगतेय ना, नाही दिली!"

"मावशी, तुमचं बरोबर असेल," मी म्हणालो, "पण ओटीपी काही वेगळंच सांगतोय." माझा नाइलाज होता. माणसाच्या तोंडी जबाबाला आमच्या नियमावलीत रकाना नाही. मी त्यांना पंडितापुढे बसवलं.

पंडिताने सगळं ऐकून घेतलं. तुमचा मनस्ताप मी समजू शकतो, म्हणाला. आणि असली प्रकरणं लगेच मार्गी लागतात, खिडकी क्रमांक नऊ, तळमजला, पाण्याच्या टाकीशेजारी, असंही तितक्याच मायेने म्हणाला.

आमच्याकडे खिडक्या सहा आहेत. टाकीशेजारी भिंत आहे.

समितीची तातडीची बैठक बसली. पंडिताला पुन्हा विचारलं, तर त्याने क्षमा मागितली आणि खिडकीची वेळही सांगितली, दहा ते एक. एवढा तपशील कोणी उगाच देतं का? शिवाय सत्त्याण्णव टक्के बरोबर असणाऱ्यावर अविश्वास दाखवणं अशास्त्रीय ठरलं असतं. तेव्हा चूक भिंतीची, असा निष्कर्ष एकमताने निघाला. भिंत फोडायला परवानगी लागते, रंगवायला लागत नाही. मंगळवारी पेंटर आला. त्याने झकास खिडकी काढली : गज, वर नऊचा आकडा, आत चष्मा लावलेला कारकून. उत्साहाच्या भरात त्याने कारकुनाच्या हातात पेनही दिलं. लांबून पाहणारा फसेल, इतकं हुबेहूब काम.

वेळ आम्ही मावशींना कळवली होतीच; बुधवारी दहाच्या ठोक्याला त्या हजर. हाताने चाचपडत टाकीपाशी गेल्या, कागद पुढे धरला आणि म्हणाल्या, "साहेब, तेवढी माझी उद्याची तारीख बघा ना." साहेब कामात असतील, या समजुतीने त्या थांबल्या. मधून मधून हळूच म्हणायच्या, "सावकाश होऊ द्या, मला घाई नाही." घाई त्यांनाच होती. एक वाजला तेव्हा त्यांनी साहेबांचे आभार मानले आणि उद्या येते म्हणाल्या.

तुम्हाला हसू आलं ना? साहजिक आहे, टाकीसमोरच्या प्रतीक्षागृहातही आलं होतं. रुग्णांसोबत आलेली एकशे बारा माणसं त्या वेळी तिथे बसली होती, आणि ती भिंत आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला स्वच्छ दिसत होतं. तीन तासांत एकानेही उठून मावशींना सांगितलं नाही. बऱ्याच जणांनी फोटो मात्र काढला. त्यातला एक तुम्हीही पुढे पाठवला असेल. अशा निकोप डोळ्यांवर आमच्या रुग्णालयात इलाज नाही.