मोहोरबंद नळी

बाईंनी फाइल तिसऱ्यांदा झटकली. जन्मदाखला पडला, लसीकरणाचं कार्ड पडलं, कधीच भंगारात गेलेल्या मिक्सरचं हमीपत्र पडलं. पदवीचं प्रमाणपत्र काही पडलं नाही.

"अहो, माझं प्रमाणपत्र पाहिलंत का?"

नवरा दारात बूट घालत होता. त्याने एका बुटाची नाडी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. नाडी दोनदा बांधली गेली की कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं बाईंना बावीस वर्षांच्या संसारात कळायला लागलं होतं.

"सुरक्षित आहे," तो म्हणाला.

"सुरक्षित कुठे?"

त्याने नुसतं खुंटीकडे पाहिलं. खुंटीवर कातडी पट्ट्याला एक फूटभर लांबीची, मनगटापेक्षा जाड, पांढरी नळी लटकत होती. दोन्ही टोकांना घट्ट टोपणं, अंगावर "जपून हाताळा" अशी चिठ्ठी, आणि एक लाल बाण: ही बाजू वर.

बाई मटकन खुर्चीत बसल्या. साडेदहा वाजले होते. पाच मिनिटांपूर्वी शिक्षण कार्यालयातून फोन आला होता: आज दुपारी एकच्या आत मूळ प्रमाणपत्र खिडकीवर दाखवा, नाहीतर मुख्याध्यापकपद यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. चार वर्षं बाई प्रभारी म्हणून शाळा ओढत होत्या. यादीतला पुढचा माणूस म्हणजे व्यायामशिक्षक. ग्रंथालयाला ते "ती पुस्तकांची खोली" म्हणत आणि तिथे चटया ठेवता येतील का, याची वर्षातून दोनदा चौकशी करत.

नवरा काचेच्या कारखान्यात पॅकिंग खात्याचा प्रमुख होता. त्याने भरलेला खोका जगाच्या पाठीवर कुठेही जावो, आतला पेला तसाच्या तसा निघे. खोका भरला की तो कानाशी धरून हलवायचा, आणि आतून जराही आवाज आला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कारखान्यात त्याला सगळे मोहोरबंद म्हणत. या माणसात एकच उणीव होती आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. बंद करणं हे त्याचं काम, उघडणं हे गिऱ्हाइकाचं. त्यामुळे आपण बंद केलेली एकही वस्तू त्याने कधी उघडून पाहिली नव्हती.

गेल्या महिन्यात कारखान्यात आपत्तीवर व्याख्यान झालं. प्रत्येकाने स्वतःचा जीवरक्षक संच करावा, तो छोटा असावा, पाणी आत जाऊ नये आणि तो कायम अंगावर असावा, असं वक्त्याने सांगितलं. बाकीच्यांनी चहा पिऊन टाळ्या वाजवल्या. मोहोरबंद घरी आला तो थेट स्वयंपाकघरात शिरला.

त्या रविवारी घरातला एकूण एक डबा परीक्षेला बसला. प्रत्येकात वर्तमानपत्राचा तुकडा घालायचा, झाकण लावायचं, डबा पाण्याच्या पिंपात बुडवून वर वीट ठेवायची आणि तासाभराने कागद चाचपायचा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा दहा मिनिटांत बुडबुडे सोडायला लागला. जेवणाचा डबा काठावर नापास झाला. रुंद तोंडाची बरणी कोरडी राहिली, पण काच अंगावर बाळगायची नसते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. बाई शाळेच्या कामावरून परतल्या तेव्हा ओट्यावर ओल्या डब्यांची रांग होती आणि प्रत्येक झाकणावर त्यांच्याच लाल पेनाने "नापास" लिहिलेलं होतं.

"साखर कशात होती?" त्यांनी विचारलं.

"ताटात काढलीय. मुंग्या लागायच्या आत काहीतरी ठरवतो."

शेवटी मेहुणा कामाला आला. बाईंच्या या धाकट्या भावाचं नळजोडणीचं दुकान होतं. त्याने पाइपचा तुकडा, दोन टोपणं आणि चिकटवायचं सोल्यूशन दिलं. "भावजी, एकदा चिकटलं की झालं हं," तो म्हणाला होता. भावजींना ती स्तुती वाटली.

आत काय भरायचं यावर आठवडा गेला. मेणात बुडवलेल्या काड्या, शिट्टी, होकायंत्र, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, आरशाचा तुकडा, सुतळी, पातं. मासे पकडायचा गळही आला, जरी समुद्र त्या घरापासून दिवसभराच्या वाटेवर होता. सगळं कापसात बसवलं आणि संध्याकाळी नळी कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. मग त्याने टोपणं चिकटवून टाकली.

"आणि त्यात माझं प्रमाणपत्र कशाला?" बाईंचा आवाज आता वर्गात लागतो तसा लागला होता.

"ते कडेने आहे. नळीच्या आतल्या अंगाला लावून. अजिबात घडी नाही."

"मला घडी नकोय असं मी म्हटलं का? मला प्रमाणपत्र हवंय. उघडा ते."

त्याने टोपण पिळून पाहिलं. गुडघ्यात धरून पिळलं. दाराच्या फटीत अडकवून पिळलं, तेव्हा दाराचं बिजागर निघालं. पातं नळीच्या आत होतं. मेहुण्याला फोन लावला तर तो म्हणाला, "ताई, दुकानावर या. आणि वाटेत काही तापवू-बिपवू नका, आत मेण आहे."

रिक्षात बसेपर्यंत पावणेबारा झाले. पुढे एक ट्रक आडवा झाला होता आणि रिक्षावाल्याने शांतपणे इंजिन बंद केलं. बाई नळी मांडीवर धरून समोर बघत होत्या. नवऱ्याकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

"जीवरक्षक संच तुमचा ना?" शेवटी त्यांना राहवलं नाही. "मग तुमची कागदपत्रं घालायची. माझ्या कागदावर का डोळा?"

"माझं काय," तो खाली मान घालून म्हणाला. "घरदार वाहून गेलं तरी मी कुठेही जाऊन खोके भरीन. तुझं मात्र गेलं तर गेलं. तू रात्रशाळेत शिकून मिळवलंयस ते. दुसरं काय वाचवणार होतो मी?"

बाईंना भरून आलं. त्याच क्षणी त्यांना नळी त्याच्या डोक्यात घालावीशीही वाटली. दोन्ही गोष्टी एकदम करता येत नसल्यामुळे त्यांनी रिक्षावाल्याला डावीकडच्या गल्लीतून घ्यायला सांगितलं.

मेहुण्याने नळी हातात घेतली, फिरवली आणि हॅक्सॉ उचलला.

"टोपणाखाली दोन बोटं सोडून कापतो."

"तिथे कागद आहे," मोहोरबंद म्हणाला.

"मग मधे कापू?"

"तिथेही आहे."

"भावजी, कुठेतरी कागद नसेल ना?"

"कागदाच्या मापानेच नळी कापली होती मी. रिकामी जागा ठेवली की माल आत आपटतो."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा.

एकच वाट उरली होती. टोपणाचा वरचा चपटा भाग ड्रिलला लावलेल्या गोल पात्याने कापून काढायचा. पण कागदाची कड त्या चपट्या भागाला आतून टेकली होती. पातं केसभर जास्त गेलं तर पदवीला कायमची दातेरी किनार लागणार होती. आणि दोनपैकी एका टोकाला, टोपणालगत, गळ आणि पातं होतं.

"कुठलं टोक?" मेहुण्याने विचारलं.

"बाण बघ. वरच्या बाजूला नुसता कापूस. नाजूक माल वरून उघडतात."

"स्वतःसाठी भरलेल्या नळीवरही बाण काढलात?"

"मग काय, तसंच पाठवायचं?" मोहोरबंदाला प्रश्नच कळला नाही.

त्याने नळी छातीशी घट्ट आवळली आणि तिला कान लावला. ड्रिल सुरू झालं. पांढरा भुसा त्याच्या केसांत साचू लागला. बाईंनी पदर तोंडाशी धरला. नळ दुरुस्तीला घेऊन आलेल्या दोघीतिघी दुकानासमोर नळ हातात धरून थांबल्या.

"थांब," मोहोरबंद एकदम म्हणाला.

मेहुण्याने ड्रिल उचललं. टोपणाची चकती टपकन खाली पडली. कागदाची कड तिथेच होती, धड.

मग माल निघायला लागला. कापूस, शिट्टी, होकायंत्र, आणखी कापूस, गोळ्या, काड्या. गळ शेवटी निघाला आणि निघताना मेहुण्याच्या बोटात गेला. त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नव्हता. नळी रिकामी झाली तरी प्रमाणपत्र आतल्या भिंतीला असं चिकटून बसलं होतं की जणू पाइपच्या कारखान्यातूनच ते तसं आलं असावं. मोहोरबंदाने नखाने खरवडायला हात घातला.

"हात काढा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, नळीत घातली, कागदाची आतली कड पेन्सिलीवर धरली आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. भूगोलाचे नकाशे त्यांनी वीस वर्षं असेच गुंडाळले होते. चार वेढ्यांत कागदाने भिंत सोडली. पेन्सिल बाहेर आली तेव्हा तिच्याभोवती अख्खी पदवी होती. एक सुरकुती नाही, एक डाग नाही. मोहोरबंदाने ती उजेडात धरून पाहिली आणि त्याचे डोळे पाणावले.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"अहो, साडेबारा वाजून गेले. पळा."

खिडकीशी पोहोचले तेव्हा एकाला तीन मिनिटं होती. आतल्या कारकुनाने जेवणाचा डबा पुढ्यात काढून ठेवला होता आणि खिडकीचं दार अर्धं ओढलं होतं. बाईंनी त्या फटीतून प्रमाणपत्र आत सरकवलं. ते लगेच गुंडाळलं जाऊन पुन्हा बाहेर आलं. मोहोरबंदाने ते दोन्ही हातांच्या चार-चार बोटांनी काचेसारखं अलगद धरलं आणि सरळ करून पुन्हा पुढे केलं.

कारकुनाने नाव वाचलं, वर्ष वाचलं, शिक्का उजेडात धरला. "मूळच आहे," तो म्हणाला. "इतकं कोरं मूळ मी नोकरीत पाहिलं नाही. कसं ठेवलंत हो?"

मोहोरबंद दिवसभरात पहिल्यांदा ताठ उभा राहिला. काय काय सांगावं, कुठल्या डब्यापासून सुरुवात करावी, असं त्याला झालं. त्याने घसा साफ केला.

तेवढ्यात कारकुनाने टेबलाखालून पंचिंग मशीन काढलं, प्रमाणपत्र त्यात सारलं आणि तळहाताने दणका दिला. मग कागद उलटा करून दुसरा दणका दिला, कारण पहिला जरा वाकडा बसला होता. चार भोकं पडली. त्यातलं एक बरोबर कुलगुरूंच्या सहीवर होतं. मग जांभळ्या शाईचा "तपासले" असा शिक्का बाईंच्या नावावर उठला, आणि कागद नाडीला बांधून फाइलीत गेला.

मोहोरबंदाने खिडकीची कड धरली.

"मूळ प्रत आता आमच्याकडेच राहणार. निवृत्तीला परत मिळेल," कारकून म्हणाला. "बाई, सोमवारी मुख्याध्यापक म्हणून रुजू व्हा. आणि ही पोच. हिच्याशिवाय प्रमाणपत्र परत मिळत नाही, तेव्हा नीट सांभाळा."

खिडकीतून हाताएवढी गुलाबी चिठ्ठी बाहेर आली. मोहोरबंदाने सवयीने हात पुढे केला. पण बाईंनी ती आधीच उचलली होती. त्यांनी तिची घडी केली, घडीची घडी केली, आणि त्या आवाजासरशी नवऱ्याचा चेहरा पिळवटला. मग त्यांनी पर्सचा बाहेरचा कप्पा उघडला.

"अगं, तिथे? तिथे काही राहतं का? कसलं बंद नाही, कसलं काही नाही."

"म्हणूनच," मुख्याध्यापक बाई म्हणाल्या. "मला ती काढायचीय कधीतरी."