प्रल्हादभाऊंची रेघ

आमच्या गल्लीतले प्रल्हादभाऊ रोज सकाळी लोखंडाला पाणी घालतात. झाडाला नाही, तुळशीला नाही, लोखंडाला. अंगणाच्या कोपऱ्यात त्यांनी एक सळई ठोकली आहे, जेमतेम वीतभर वर दिसते. अनवाणी जायचं, तांब्याभर पाणी तिच्या बुडाशी सोडायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि मान खाली घालून थोडा वेळ तिथंच उभं राहायचं. तेही बुलढाण्यात, जिथं नळ कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं.

हे रोज पाहून बायाबापड्यांनी काय समजायचं? कोपऱ्यावरच्या आजींनी एका मंगळवारी सळईला हळदकुंकू वाहिलं. मग कोणी शेंदूर लावला, कोणी नारळ फोडला. जी ती येता-जाता तांब्याभर पाणी घालू लागली. भाऊंनी कोणाला 'घाला' म्हटलं नाही आणि 'घालू नका'ही म्हटलं नाही. मी जन्मभर मास्तरीण, मला कुठलं राहवतंय! म्हटलं, भाऊ, लोकांना खरं काय ते सांगून टाका. तर म्हणतात, "जमीन वली राह्यते ना वहिनी. देव कायले नाराज होईन?"

खरं काय, ते माझ्या डोक्यात शिरायला पुष्कळ दिवस लागले. भाऊंची सगळी नोकरी पोलिसांच्या वायरलेसमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, यांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं. त्यातही यांना लागली ती अगदी खालच्या पट्टीतली लहर, इतकी संथ की घरातला रेडिओ तिला ओळखसुद्धा देत नाही. एक सळई अंगणात, दुसरी नाल्यापलीकडे पुतण्याच्या वावरात, मधे तार. जमीन ओली आणि खारट असली तर लहर पुढं जाते, सुकली की तिथंच मरते. पोचते ती इतकी क्षीण, की दूरगावी ऐकणाऱ्या यंत्राला फार वेळ कान लावून बसावं लागतं, तेव्हा कुठं पडद्यावर रेघ उमटते. तेवढ्या वेळात तिचा सूर केसभरही ढळता कामा नये. ढळला की रेघ पुसली.

म्हणून भाऊंचा मंत्र एकच, "हाललं नाही पायजे." सूर धरणारं यंत्र थंडी-गरमीनं हालतं म्हणे, म्हणून त्यांनी ते माठात घालून देवघराच्या फरशीखाली पुरलं, वर गोधडी टाकली. देवघराला लागून स्वयंपाकघर. त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, भर दिवाळीत चकल्या आमच्या घरी येऊन तळाव्या लागल्या. पुढं हा मंत्र सगळ्या जगाला लागू झाला. सरकार असो, जावयाची नोकरी असो, ताटातलं वरण असो. नातवाच्या पाळण्याकडे पाहूनही एकदा तेच म्हणाले, तेव्हा सुमनताईंनी त्यांना खोलीबाहेर काढलं.

एवढा खटाटोप करून एक अक्षर पाठवायचं तर अख्खी सकाळ लागते. मी म्हटलं, भाऊ, याच्या आधी एसटीनं चिठ्ठी पोचेल. "पोचू द्या ना," म्हणाले आणि मीठ आणायला आत गेले.

यंदा उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि गल्लीची भक्ती आटली. भाऊ मग सळईपाशीच आंघोळ करू लागले, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून, भर अंगणात. आम्ही बायका तोंड फिरवून जायचो. तेही पाणी पुरेना. एक दिवस त्यांनी पिण्याच्या हंड्याला हात घातला आणि सुमनताई रडत माझ्याकडे आल्या. मी तावातावानं गेले. म्हटलं, ज्याला जे कळवायचंय ते मोबाइलवर कळवा, तो खिशात काय शोभेला ठेवलाय?

भाऊंनी खिशातला मोबाइल चाचपला. मग म्हणाले, "धाड गावाले पाठवतो, गवईले. त्याची वाचा गेली वहिनी. फोन कानाले लावला का तो नुसता रडते."

गवई हा त्यांचा नोकरीतला जोडीदार, एवढं मला ठाऊक होतं. त्याला लकवा मारल्याचं ठाऊक नव्हतं.

धाड माझं माहेर. पुढच्या बाजाराच्या दिवशी भावाकडे गेले आणि तशीच विचारत विचारत गवईंच्या घरी पोचले. गवई खुर्चीत बसले होते, समोर जुना कॉम्प्युटर. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती. गवईंचं बोट तिच्यावर टेकलेलं, तिच्याबरोबर सरकणारं. मी त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, विचारलं, काय लिहून पाठवलंय भाऊंनी?

"काही नाही," त्या म्हणाल्या. "लकव्यानं ह्यायची अक्षरंबी गेली. पयले भाऊ नाव पाठवत, तं ह्यायले समजे नाही, चिडत. मंग भाऊनं नुसती रेघ लावून देली. रेघ आहे म्हंजे प्रल्हाद आहे, एवढं समजते ह्यायले."

दुपारी ताट आलं आणि नेमकी तेव्हाच रेघ फिकी पडू लागली. पडता पडता दिसेनाशी झाली. गवईंचं बोट थांबलं. घशातून एक घोगरा आवाज आला आणि त्यांनी ताट लोटून दिलं. शांताबाई सांडलेला भात गोळा करत म्हणाल्या, कालही असंच झालं, काल दिवसभर जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि भाऊंचा रागही आला की एवढं पोटात ठेवून हा माणूस शिव्या खात राहिला.

मी घरी फोन लावला. आमच्या ह्यांना म्हटलं, आपल्या टाकीतलं पाणी काढा आणि भाऊंच्या सळईला घाला, बादलीनं घाला. ह्यांना वाटलं मला ऊन लागलं. म्हटलं, गवईंच्या घरून बोलतेय, भाऊंना सांगा; बाकी विचारू नका, आधी घाला.

मग आम्ही तिघं त्या काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. चुलीवरचं कालवण निवून गेलं. खूप वेळानं पडद्यावर धुरासारखं काही आलं, हळूहळू दाट झालं आणि त्याची रेघ झाली. गवईंनी बोट टेकवलं. शांताबाईंनी घास पुढं केला, त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात भाऊंचा फोन आला. "वहिनी, दिसते काय? तिकून मले काहीच येत नाही. मी इकून नुसता पाठवत राह्यतो."

मी म्हटलं, दिसते भाऊ. रेघेवर बोट ठेवून बसलेत.

"कोन्त्या हाताचं?"

मी पाहिलं. गवईंचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता.

"डाव्या," मी म्हटलं.

तिकडे भाऊंची बादली खाली टेकली. मग म्हणाले, "उजवा लय गोड होता त्याचा. तार पाठवे तं नुसत्या कडकट्टच्या ठोक्यावरून मी ओळखो, हा गवई." बादली ओतल्याचा आवाज आला. "बरं. डावा तं डावा. जेवला?"

"जेवताहेत."

त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. त्यांनी ठेवेपर्यंत मीही ठेवला नाही.