चाचणी वाहन, माप एकास दहा

जितेश घरतच्या नावाचं पार्सल पिंपळगोठण फाट्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. पत्ता बरोबर आहे, पण पुढचा रस्ता आमच्या धोरणात बसत नाही, असं कुरिअरवाल्याने फोनवर कळवलं. गाव फाट्यापासून तीन किलोमीटर आत. धाटावच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून जितेश बसमधून उतरला, खोका खांद्यावर घेतला आणि खड्डे चुकवत घरी निघाला. फाट्याजवळचे पहिले दोनशे मीटर सर्वांत वाईट होते. तिथल्या एका खड्ड्याला 'जावयाचा खड्डा' असं रीतसर नाव होतं, कारण चार वर्षांपूर्वी एक नवा जावई पहिल्याच भेटीला त्यात स्कूटरसकट गेला होता. जावई आता जुना झाला होता. खड्डा मात्र दर वर्षी नवा होत होता.

खोक्यात रेडिओवर चालणाऱ्या रॅली कारचे सुटे भाग होते. कार दीड फुटाची, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. जितेशने पडवीत जुनं चादरवजा फडकं अंथरलं आणि पिशव्या ओळीने मांडल्या. त्याची आई रंभा शेजारी सुपात वाल निवडत बसली होती.

"आरं, गाडी घेतलीस ती मोडलेलीच कशी दिली रं?"

"मोडलेली नाय आये. आपण जोडायची असते."

"मंग दुकानदार काय करतो?"

जितेशने पहिली पिशवी फाडली. तो कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होता. दाब मोजणारी यंत्रं तो अकरा वर्षं दुरुस्त करत आला होता, पण तो दाब कुठे जातो आणि त्याचं पुढे काय होतं हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. इथे पहिला दातेरी गियर दुसऱ्यात बसला आणि मागची दोन्ही चाकं एकदम फिरली, तेव्हा तो एकटाच हसला. तीन आठवडे त्याने जोडणी केली. शॉकअपमध्ये तेल भरलं, त्यातला एकेक बुडबुडा निघेपर्यंत ते उभे धरून बसला.

गाडीची बॉडी पारदर्शक प्लास्टिकची होती आणि ती आतून रंगवायची होती, म्हणजे बारकावे आधी आणि मुख्य रंग शेवटी. हे काम बायकोकडे गेलं. सरू पेणच्या गणपतींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची. तिने बॉडी उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिली.

"आमच्याकडं डोळे शेवटी," ती म्हणाली. "हिला आधी डोळे, मंग अंग. उलटीच रीत हाय."

तिने दिवे असे आखले, की गाडी समोरून येताना आपल्याकडे बघतेय असं वाटायचं.

पहिली चाचणी फाट्याजवळच्या त्याच दोनशे मीटरवर झाली, कारण रॅली कारला खडबडीत जागा लागते आणि तशी जागा गावाला शासनाने मुबलक पुरवली होती. तिसऱ्या खड्ड्यात पुढचं चाक धरून ठेवणारा प्लास्टिकचा हात मोडला. जितेशने जाड नायलॉनचा तुकडा कापून, घासून नवा हात बसवला. मग जावयाच्या खड्ड्यात गियरचे दात गेले. त्याने पोलादी गियर मागवले. प्लास्टिकच्या बुशांच्या जागी बेअरिंग आली, शॉकअप लांब आले, त्यांत जाड तेल आलं, टायर मोठे आले. प्रत्येक सुधारणेनंतर गाडी एक खड्डा पुढे जायची. अडीच महिन्यांनी ती जावयाच्या खड्ड्याच्या काठावरच्या दगडावरून उडाली, हवेत अर्धवट वळली, चारही चाकांवर उतरली आणि दोनशे मीटर पंचवीस सेकंदांत पार करून थांबली.

त्या रस्त्याबद्दल गावाने आजवर पाच अर्ज केले होते. त्या पाचही अर्जांवर सह्या करायला मिळून चौदा माणसं जमली होती. गाडी बघायला एका रविवारी साठ जमली. रस्ता दुरुस्त व्हावा असं त्यांतल्या कोणालाच त्या दिवशी वाटलं नाही. पंचायत सदस्य नितेशने मोबाईल जमिनीला टेकवून व्हिडिओ काढला, त्याला दणदणीत संगीत जोडलं आणि सगळीकडे पाठवून दिला. त्यात पिंपळगोठणचा रस्ता परदेशातला दिसत होता.

व्हिडिओ ठेकेदार हैबतरावांनीही पाहिला. हा रस्ता दोन वर्षांपूर्वी त्यांनीच बांधला होता, म्हणजे कागदपत्रांत तसा उल्लेख होता. फक्त एक सुस्थिती प्रमाणपत्र मिळायचं राहिलं होतं. ग्रामरस्ते सुस्थिती कक्षाचा नियम असा, की रस्त्याच्या सर्वांत खराब दोनशे मीटरवरून एका वाहनाने न थांबता, ताशी वीस किलोमीटरहून अधिक वेगाने गेलं पाहिजे. दोन वर्षांत असं वाहन सापडलं नव्हतं.

कक्ष अधिकारी माधवराव पाहणीला आले. रस्ता खराब असल्यामुळे त्यांनी जीप फाट्यावरच ठेवली आणि सावलीत खुर्ची मागवली. त्यांच्यापुढे गाडी ठेवण्यात आली.

"हे खेळणं आहे," माधवराव म्हणाले.

"साहेब, चार चाकं आहेत, मोटर आहे, स्टिअरिंग आहे," हैबतराव म्हणाले. "नियमात वाहन लिहिलंय. आत माणूस बसला पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

माधवरावांनी नियम काढला आणि दोनदा वाचला. ते प्रामाणिक अधिकारी होते. न लिहिलेलं काही वाचायची त्यांना सवय नव्हती.

"लिहिलेलं नाही," त्यांनी मान्य केलं आणि जितेशकडे वळले. "परवाना आहे?"

"मोटरसायकलचा हाय. पन साहेब, हिचे शॉकअप मी मुद्दाम..."

"चाचणी चालक म्हणून यांचं नाव लिहून घ्या," माधवराव सोबतच्या कारकुनाला म्हणाले.

जितेशचं वाक्य तिथेच संपलं. अकरा वर्षं कंपनीच्या पगारपत्रकात तो 'तंत्रज्ञ, श्रेणी तीन' होता. आज एक सरकारी माणूस त्याच्या नावापुढे काहीतरी नवीन लिहीत होता. त्याने रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर उभं राहून रिमोट हातात घेतला आणि असा जीव लावून गाडी चालवली, की ती चोवीस सेकंदांतच पोहोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माधवरावांनी खुर्चीतूनच अहवाल सांगितला: "रस्ता वाहतुकीस योग्य. वाहन कोठेही थांबले नाही. चालकास हादरे जाणवले नाहीत."

"तुमी सही केलीत?" संध्याकाळी सरूने विचारलं.

"चाचणी चालक म्हणून केली."

"रोज मीच त्या रस्त्यानं जाते ना कारखान्यात? मला कोन इचारायला आलं नाय."

"तुझा परवाना नाय गो," जितेश म्हणाला आणि विनोद चांगला झाला असं वाटून हसला. सरू हसली नाही.

रस्ता चांगला ठरल्यावर पुढच्या गोष्टी आपोआप झाल्या. गावाचे पाचही अर्ज 'तक्रारीचे कारण शिल्लक नाही' असा शेरा मारून निकाली काढण्यात आले. रस्ता नसलेल्या गावांना मिळणारं स्ट्रेचर पंचायतीत ठेवलेलं होतं. ते परत नेण्यात आलं, कारण पिंपळगोठण आता त्या यादीत नव्हतं. आणि रस्ता चांगला असल्याने रोह्याहून दिवसातून दोनदा मिनीबस सुरू झाली. तिच्या उद्घाटनाला हैबतरावांनी जितेशच्या गळ्यात हार घातला.

चौथ्या दिवशी त्या बसमधून रंभा डोळे तपासायला रोह्याला निघाली. फाटा दिसू लागला आणि बसचं पुढचं चाक जावयाच्या खड्ड्यात गेलं. रंभा मागच्या बाकावर होती. ती छतापर्यंत उडाली आणि बाकाच्या लोखंडी कडेवर आपटली. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं.

जितेश त्या दिवशी दुसऱ्या पाळीसाठी निघतच होता. तो धावत पोहोचला तेव्हा आई रस्त्याच्या कडेला आडवी होती आणि ओरडायचंही थांबली होती. बस वाकडी होऊन रस्ता अडवून बसली होती. स्ट्रेचर मागायला माणूस पंचायतीत गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. शेवटी जवळच्या गोठ्याचं दार बिजागऱ्यांतून काढलं, रंभाला त्यावर निजवलं आणि चौघांनी फाट्यापर्यंत नेलं. प्रत्येक पावलाला दार कलायचं आणि ती जितेशचा हात आवळायची. "हळू रं," एवढंच म्हणायची. फाट्यावरून जीपने तिला पेणला हलवलं.

आईच्या खुब्यात धातूची पट्टी आणि आठ स्क्रू बसले. एक्स-रे बघताना जितेशला त्या स्क्रूंचं माप न मोजता सांगता आलं असतं. त्याने एक्स-रे उलटा करून ठेवला आणि तडक पेणमधल्याच माधवरावांच्या कार्यालयात गेला.

"साहेब, रस्ता खराब हाय."

"आपल्याच सहीने चांगला आहे," माधवराव सौम्यपणे म्हणाले. "तरी आपल्याला फेरचाचणी मागता येते. मात्र वाहन तेच हवं."

ही वाट जितेशला पुरेशी वाटली. त्याने दोन दिवस रजा टाकली आणि पडवीत गाडी उघडली. बेअरिंग काढून प्लास्टिकचे बुश बसवले. लांब शॉकअप काढून आखूड घातले, पोलादी गियर काढले, मूळचे छोटे टायर चढवले. अडीच महिने त्याने जे जे चांगलं केलं होतं, ते तो आता काळजीपूर्वक वाईट करत होता. आखलेल्या डोळ्यांनी गाडी त्याच्याकडे बघत होती, म्हणून त्याने बॉडी पालथी ठेवली.

फेरचाचणीत गाडी दुसऱ्याच खड्ड्यात उलटली आणि चाकं हवेत फिरवत राहिली. जितेशला इतका आनंद गाडी पोहोचली तेव्हाही झाला नव्हता. माधवरावांनी खुर्चीतून वाकून पाहिलं आणि अहवाल सांगितला: "वाहन नादुरुस्त."

"साहेब, वाहन नाय, रस्ता!"

"रस्त्याचं प्रमाणपत्र आहे. वाहनाचं आहे का?"

"मंग रस्ता खराब कधी ठरंल?"

"वाहन सुस्थितीत असून थांबलं तर."

"आन् वाहन सुस्थितीत हाय हे कसं ठरतं?"

"सुस्थितीतल्या रस्त्यावरून न थांबता गेलं की," माधवराव म्हणाले. एवढी सोपी गोष्ट तंत्रज्ञाला समजावून सांगावी लागते याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. मान्यताप्राप्त चाचणी वाहनाच्या देखभालीत हयगय केल्याबद्दल जितेशला तिथेच नोटीस देण्यात आली.

यानंतर सरू कार्यालयात गेली. तिने जितेशला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि एकटी आत शिरली.

"सासू झोपून हाय माझी," ती म्हणाली. "उठंल का नाय, डॉक्टर सांगत नाय. तुमचं प्रमाणपत्र रद्द करा."

"बाई, मला सहानुभूती आहे. पण रद्द करण्याआधी लोकमत पाहावं लागतं." माधवरावांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. नितेशचा व्हिडिओ होता. "एकेचाळीस हजार लोकांनी पसंती दिली आहे. आम्ही त्यांची नोंद समाधानी नागरिक म्हणून घेतली आहे. आपली तक्रार एक."

"त्यांनी गाडी बघितली. रस्ता कोनी बघितला?"

"रस्ता पूर्ण वेळ दिसतो," माधवराव म्हणाले. "आम्ही तपासलं."

एक मार्ग होता आणि तो त्यांनी लपवला नाही. पसंती देणाऱ्यांनी ती स्वतःहून मागे घेतली, तर प्रमाणपत्राचा फेरविचार होणार होता. सरूने त्याच दिवशी रंभाचा खाटेवरचा फोटो काढला आणि जितेशकडून व्हिडिओखाली सगळी हकीकत लिहून घेतली. लोकांना फार वाईट वाटलं. त्यांनी रडके चेहरे पाठवले, हात जोडले, 'आजींना लवकर बरं वाटो' असं लिहिलं. आपली पसंती कोणी मागे घेतली नाही, उलट फोटोमुळे व्हिडिओ आणखी लांबवर गेला आणि समाधानी नागरिक त्रेसष्ट हजार झाले.

रंभा अजून खाटेवर आहे. सरू रोज त्याच रस्त्याने चालत फाट्यावर जाते. समाधानी नागरिकांची यादी कक्षाच्या सूचनाफलकावर लावलेली आहे, पण वाचकांनी आपलं नाव शोधायला पेणपर्यंत येण्याची तसदी घेऊ नये; ते त्यात आहे. गाडी दगडावरून उडून चारही चाकांवर उतरली, हे वर वाचताना आपल्याला क्षणभर बरं वाटलं होतं. कक्षाला तेवढं पुरतं.