माइकपासून लांब

आमच्या शेजारचे विनूकाका दाणी आल्यागेल्याला लगेच बसू देत नाहीत. आधी टाळी वाजवायला लावतात आणि आवाज ऐकून जागा नेमून देतात. त्या घरात कोणी कुठे बसायचं, हे हॉलच्या मधोमध उभा असलेला माइक ठरवतो.

काकांना ध्यास एकच. पियानो बडवत म्हटलेलं एक जुनं रॉक अँड रोल गाणं, त्या काळी झालं तसंच रेकॉर्ड करायचं. एक खोली, एक माइक, सगळे एकदम. "तेव्हा कुठलं गं मिक्सिंग? ज्याचा आवाज मोठा, तो लांब. संपलं!" कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तुकडे जोडता येतात, असं मी एकदा बोलून गेले, तर काकांनी आठवडाभर अबोला धरला.

पियानो देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यातून आणलेला. ड्रमवाला मिळेना, म्हणून ढोलपथकातला संतोष पकडला. चांगला दोन पोरांचा बाप. पण नाशिकचा ढोल तो! पहिल्याच ठोक्याला पियानो गडप झाला आणि संतोषची रवानगी लिफ्टपाशी झाली. "काका, हितं काहीच ऐकू येत नाय राव!" तो तिथून ओरडायचा. टाळ्यांसाठी मी, स्वयंपाकघरात. त्यात घंटागाडी आली की सगळंच मुसळ केरात.

माइकच्या अगदी तोंडाशी शैलाकाकू. कॉलेजच्या गॅदरिंगला काकांनी हे गाणं वाजवलं, तेव्हा साथीला याच होत्या. आता कंपवातानं त्यांचा आवाज आटत चाललाय. अजून कमी होणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तो पुरता जायच्या आत काकांना गाण्यात हवा होता.

म्हणून प्रत्येक टेकला आम्ही मागे सरकायचो. संतोष जिन्यात गेला, मी बाल्कनीत.

"पुढच्या वेळी आम्हाला दिंडोरीला बसवा," मी वैतागून म्हटलं.

"बघतो," काका गंभीरपणे म्हणाले.

परवाच्या रविवारी काकूंचा आवाज ओठांबाहेर जेमतेम येत होता. काकांनी ढोल थांबवला, टाळ्या थांबवल्या. मग स्वतः हलक्या बोटांनी वाजवून पाहिलं. तरी काकू ऐकू येईनात. पियानो काही मागे सरकणारा नव्हता. काकांनी झाकण लावलं, काकूंशेजारी येऊन बसले आणि त्यांच्या मनगटावर एका बोटानं ताल धरला.

काकू गायल्या. मधे एक ओळ विसरल्या, पुढची धरली. काकांनी थांबवलं नाही.

मग त्यांनी आम्हाला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. पियानोचं गाणं, आणि त्यात पियानोच नव्हता.

"पण काका," संतोष म्हणाला, "तुमचं वाजवणं?"

"माझं काय रे, मी उद्याही वाजवीन," काका म्हणाले आणि काकूंना पाणी द्यायला उठले.