लिओं शहरीच्या स्वारीत ओदीलबाईंनी आपले नाव मिळविले, त्याची हकीकत

केरवाल शहरीच्या पाणीखात्यात कॉफीच्या यंत्रापाशी रोज दहाच्या सुमारास जमणारे समस्त मुत्सद्दी यांणी आज्ञा केली जे, गेल्या मार्च महिन्यात आपली स्वारी गळती परिषदेकरिता लिओंस गेली होती, तेथे तीन दिवसांत अन्नाविषयी कोण कोण प्रसंग गुदरले, किती खानावळींस मोर्चे लाविले, कोठे कोठे माघार खाल्ली आणि सरतेशेवटी फत्ते कोणाची जाहली, ते पदरचा मसाला न घालता साद्यंत लिहावे. आज्ञेप्रमाणे लिहिले आहे. मजकूर गिल्दास प्रिजां यांचे तोंडचा, ते स्वारीत जातीने हजर होते. लिहून जाहल्यावर ओदीलबाईंस वाचून दाखविला. त्यांणी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, एके ठिकाणी हसल्या आणि बाकी कबूल केला.

ओदील तांगी म्हणजे खात्याच्या गळती-शोधक. वय एकावन्न. एकोणीस वर्षे हाती लाकडी दांडा घेऊन, त्याचे एक टोक रस्त्यास आणि दुसरे आपल्या कानास लावून, जमिनीखाली नळ कोठे फुटला ते आवाजावरून सांगत आल्या. यांचा अंदाज हातभर इकडे तिकडे होईल, अधिक नाही. यांचे वरिष्ठ फ्लोरां फोवेल साहेब, खात्याचे सरदार. यांणी रस्त्यास कान कधी लाविला नाही, परंतु दरसाल परिषदेस जाऊन, रस्त्यास कान लाविल्याने काय ऐकू येते, यावर व्याख्यान मात्र न चुकता देत. व्याख्यान ओदीलबाईंनी लिहावे, आकृत्या ओदीलबाईंनी काढाव्या, आणि छापील पत्रिकेवर नाव यावे 'फ्लोरां फोवेल', ऐसा सहा वर्षांचा शिरस्ता पडला होता. तिसरे असामी गिल्दास, मीटरखात्याचे, पुढल्या वर्षी निवृत्त होणार, सबब कोणास भिण्याचे त्यांणी आधीच सोडून दिले होते.

सोमवारी सकाळी रेल्वेने कूच जाहले. पॅरिस मागे पडल्यावर ओदीलबाईंनी मन घट्ट करून विषय काढला जे, बुधवारचे व्याख्यान आपण स्वतः द्यावे आणि नावही आपलेच पुकारावे, ऐसी इच्छा आहे. साहेबांनी बहुत प्रेमाने ऐकून घेतले आणि फर्माविले जे, ऐसे नाजूक विषय रिकाम्या पोटी काढू नयेत, लिओं म्हणजे जेवणाचे माहेरघर, तेथे एक उत्तम बैठक मारू आणि पहिला घास घेताच या गोष्टीचा निकाल लावू. हुकूम ऐसा पडल्याने बाईंच्या नावाचा मामला जेवणास बांधला गेला. जेवण जाहल्याखेरीज बोलणे नाही, आणि जेवण तर साहेबांच्या हाती.

साहेबांचा सारा भरवसा आपल्या फोनावर. त्यात दर खानावळीपुढे लोकांनी चांदण्या दिलेल्या असत, पाचपैकी किती, आणि पावणेपाचाहून एक तसूभर कमी असेल तेथे पाऊल टाकणे साहेब आपल्या हुद्द्यास कमीपणा समजत. सायंकाळी सात वाजता मुक्कामावर सामान टाकून स्वारी निघाली. पहिले ठाणे चार पूर्णांक आठ. दार बंद, कारण सोमवार. दुसरे ठाणे चार पूर्णांक नऊ. तेही बंद, कारण सोमवारच. लिओंत अर्ध्या खानावळी सोमवारी बंद असतात, हे फ्रान्स देशी शाळेतल्या मुलांसही ठाऊक, परंतु साहेबांनी तो शहराचा आपल्यावरील वैयक्तिक राग समजून तिसऱ्या ठाण्यावर चाल केली. ते उघडे होते. आत दिवे, कांद्याचा खमंग वास, आणि दारात एक सडपातळ गृहस्थ हाती वही घेऊन उभे.

"नाव सांगता का?" ते म्हणाले.

"नाव नोंदवलेलं नाहीये," साहेब म्हणाले. "तिघेच आहोत आम्ही."

"अरे वा, तिघांची जागा आहे की," गृहस्थांनी वही चाळली. "अठरा एप्रिलला चालेल?"

मग स्वारी स्टेशनापाशी परत आली आणि एका टपरीवर थंड हॅमचे सँडविच घेऊन उभ्याने खाल्ले. ओदीलबाईंनी तोंड उघडले, तो साहेब बोलिले जे, याला जेवण म्हणत नाहीत. ते खरेच होते. सबब निकाल तहकूब.

मंगळवारी परिषदेतर्फे दुपारचे खाणे मांडिले होते. अंगठ्याएवढे पाव, त्यावर नखाएवढा मासा. गिल्दासांनी नऊ उचलिले. साहेबांनी हात लाविला नाही आणि हुकूम केला जे, क्र्वा-रूसच्या टेकडीवर एक ठिकाण चार पूर्णांक नऊ आहे, तेथे चढून जावे. ते ठिकाण टेकडीच्या अगदी माथ्यास. पायऱ्या मोजल्या नाहीत, परंतु गिल्दासांनी वाटेत तीनदा बसून घेतले आणि प्रत्येक वेळी आपल्या निवृत्तीची तारीख मोठ्याने उच्चारिली. वर पोहोचता दोन वाजून दहा मिनिटे जाहली. वाढपी मेजे पुसत होता.

"स्वैपाकघर दोनला बंद होतं," तो म्हणाला.

"दहाच मिनिटं झालीत हो," साहेब म्हणाले.

"तेच सांगतोय. दहा मिनिटं झाली बंद होऊन."

साहेब बहुत दिलगीर जाहले. आणि मग उतरताना ओदीलबाईंच्या मनी आले की, हा मनुष्य जेवण शोधतो आहे की आपल्याला टाळतो आहे. परंतु साहेबांचे तोंड खरोखर उतरलेले, पोटातून गुरगुर ऐकू येत होती, आणि आवाजाच्या बाबतीत बाईंचा अंदाज चुकत नसे. भूक खरी होती. मग राग करावा की कीव, याचा निर्णय होईना, आणि उपाशीपोटी दोन्ही करण्याइतके त्राण नव्हते.

त्याच सायंकाळी मात्र दैव फिरले. जागा राखून ठेवलेले कोणी गिऱ्हाईक आयत्या वेळी आले नाही म्हणून एका चार पूर्णांक नऊवाल्या नव्या धाटणीच्या खानावळीत जागा मिळाली. सात पदार्थांचे जेवण. बसावयास उंच तिवया, ज्यांवर गिल्दासांचे पाय लोंबत राहिले, आणि डोक्यावर वाजंत्रीची अशी भिंत की शेजारचा मनुष्य ओठ हलविताना दिसावा, ऐकू येऊ नये. पहिला पदार्थ आला तो काचेच्या घुमटाखाली धूर. धूर विरला तो आत एक गाजर. मग वाढप्याने त्या गाजराची कुळकथा सांगितली, कोणत्या शेतातले, कोणत्या मातीतले, कोणी उपटले, आणि ती गाजरापेक्षा पुष्कळ वेळ टिकली. घास घेतल्यावर निकाल लावू ऐसे साहेबांचे वचन होते, सबब घास घेताच ओदीलबाई पुढे वाकल्या.

"मस्यू फोवेल, माझ्या नावाचं काय?"

"काय?"

"नाव. माझं नाव."

"गाजराचं? सांगितलं ना त्याने, मी विसरलो."

ऐसे सात पदार्थ जाहले. सातव्या पदार्थास चमचा लागला नाही, कारण तो एक थेंब होता. बाहेर आल्यावर बाईंच्या कानांत घूं घूं होऊ लागली, आणि त्यांस प्रथमच भय वाटले, कारण त्यांचे पोट कानांवर चाले. त्या तडक मुक्कामी गेल्या.

बुधवार उजाडला. व्याख्यान दुपारी तीनला. साहेबांनी बाराच्या सुमारास पुन्हा फोन काढून सोन नदीपलीकडचे एक ठाणे मुक्रर केले. दारात रांग होती, ती कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या गल्लीत गेली होती. साहेब रांगेच्या शेपटीस जाऊन उभे राहिले. ओदीलबाई उभ्या राहिल्या नाहीत. समोरच्या अंगास एक जुनी खानावळ होती, खिडकीस लाल चौकटींचे पडदे, आत रस्ते खणणारे चार कामगार आणि एक म्हातारी रुमाल गळ्यास बांधून जेवीत होती. बाईंनी रस्ता ओलांडला.

"ओदील, थांबा, थांबा," साहेब मागून म्हणाले. "तिला तीन पूर्णांक सहाच आहेत. एकाने लिहिलंय, मालकीण रागावली म्हणून."

"मग रागावू दे," बाई म्हणाल्या. "मला बसायचंय."

सहा वर्षांत हुकुमाबाहेर टाकलेले हे त्यांचे पहिले पाऊल. गिल्दास तत्क्षणी त्यांच्या निशाणाखाली गेले. साहेब रांगेत एकटे राहिले. सात मिनिटे टिकले, ऐसे गिल्दासांनी खिडकीतून घड्याळ लावून पाहिले आहे. मग दार ढकलून आत आले आणि खुर्ची ओढिली.

मालकीण मादाम जासेरां, देह भरभक्कम, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. साहेबांनी फोन मेजावर ठेविला, तो त्यांणी उचलून साहेबांच्याच कोटाच्या खिशात घातला.

"इथे ताटं ठेवतात, मस्यू. कोण कुठून आलात, लेकरांनो?"

"केरवालहून," गिल्दास म्हणाले. "तीन दिवस उपाशी आहोत, बाई."

"लिओंत?" मादाम जासेरांनी साहेबांकडे असे पाहिले की, हा पराक्रम कोणाचा ते विचारावे लागले नाही.

मग रसद सुरू जाहली. मसुरीची कोशिंबीर, तेलातली हेरिंग मासळी, डुकराच्या पायांचे मांस, हे सारे मोठाल्या वाडग्यांतून आले आणि वाडगी मेजावरच राहिली. साहेबांनी मुख्य पदार्थ मागविला तो बैलाच्या कोथळ्याचा पाव-चुऱ्यात तळलेला तुकडा, ज्यास त्या शहरी सुरुंग लावणाऱ्या शिपायाचा पेशबंद, म्हणजे पुढून बांधावयाचे चामडी आवरण, म्हणतात, आणि आकारानेही तो पेशबंदाहून फार लहान नव्हता. खानावळीत वाजंत्री नव्हती. चमच्यांचा आवाज, कामगारांचे हसणे, इतकेच. ओदीलबाईंस स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"घास घेतलात तुम्ही. आता बोलूया. आजचं व्याख्यान मी देणार."

साहेबांनी चावणे थांबविले नाही. "हे पाहा, काम खात्याचं आहे. खात्याच्या कामावर खात्याच्या प्रमुखाचं नाव असतं."

"खात्याला कान नाहीत, मस्यू फोवेल. कान माझे आहेत."

"एकोणीस वर्षं ही रस्त्यावर वाकून ऐकतेय," गिल्दास पावाने वाडगे पुसत म्हणाले, "आणि काय ऐकू आलं ते तुम्ही गावोगाव सांगत फिरता."

"प्रश्न विचारतात लोक नंतर," साहेब म्हणाले. "कठीण विचारतात. तुम्ही गोंधळाल."

"गेल्या वर्षी तुम्हाला कोणीतरी वाळूबद्दल विचारलं होतं. वाळूत आवाज कसा येतो म्हणून. काय सांगितलंत?"

"सांगितलं, चांगला येतो."

"वाळूत तो जवळजवळ येतच नाही."

साहेबांनी घास गिळला. साहेब ताटाकडे पाहत होते आणि त्यांचे कान लाल जाहले होते. सहा वर्षे हा मनुष्य दरसाल एका मोठ्या दालनात उभा राहून, आपल्याला न कळणाऱ्या गोष्टी सांगताना, कोणी खरे विचारील या भयाने आतून घामाघूम होत असला पाहिजे, हे बाईंच्या ध्यानी त्या वेळी आले. तरी त्यांणी शब्द मागे घेतला नाही.

तो पावणेतीन वाजले. ओदीलबाई उठल्या. साहेबही अर्धे उठले, सवयीने. इतक्यात मादाम जासेरां हाती ताटली घेऊन आल्या, तीवर साखरेत घोळलेल्या बदामांचा गुलाबी टार्ट, वर घट्ट साय.

"गोड खाल्ल्याशिवाय माझ्याकडून कोणी उठत नाही," त्या म्हणाल्या.

"माझं तीनला भाषण आहे, मादाम," ओदीलबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही पळा. आणि तुमचं काय, मस्यू? तुमचंही भाषण आहे?"

साहेबांनी दाराकडे पाहिले. टार्टाकडे पाहिले. एका बाजूस सहा वर्षांची सत्ता, दुसऱ्या बाजूस तीन दिवसांची भूक, आणि मध्ये मादाम जासेरां कमरेवर हात ठेवून. मग सावकाश खाली बसले.

"नाही," ते म्हणाले. "माझं नाही. यांचं आहे."

खिशातून छापील पत्रिका काढून त्यांणी आपल्या नावावर रेघ मारिली, वर 'ओदील तांगी' ऐसे लिहिले, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'मार्गदर्शन: फ्लोरां फोवेल' ऐसेही लिहिण्यास चुकले नाहीत. बाईंनी ते पाहिले, चालवून घेतले, पत्रिका घेतली आणि पुलाच्या दिशेने धावत सुटल्या. साहेबांनी चमचा उचलिला.

परिषदेच्या दुसऱ्या दालनात एकतीस माणसे होती, पैकी निम्मी जेवणाने सुस्त. ओदीलबाईंनी पत्रिका सभापतीबाईंच्या हाती दिली, परंतु त्यांचा चष्मा खोलीवर राहिला होता, सबब बारीक अक्षरे त्यांस दिसली नाहीत. मोठी दिसली. ती त्यांणी खणखणीत वाचिली: "ओदील तांगी, केरवाल."

बाई उठून व्यासपीठावर गेल्या. पहिली दोन वाक्ये कागदावरून वाचिली, मग दांडा हाती घेतला तशी जीभ सुटली. नळ फुटला असता तो कसा फुसफुसतो, झडप सैल असता कसा गुणगुणतो, हे तोंडाने काढून दाखविले, आणि झोपलेले जागे जाहले. शेवटी डेल्फ्ट शहरीच्या एका उंच गृहस्थांनी विचारिले जे, आमच्याकडे सारी वाळू, तिच्यात काय ऐकावे. बाई म्हणाल्या, "जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. कोणी चांगलं ऐकू येतं म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. वाळूत नळालाच हात लावून बघावं लागतं." गृहस्थांनी ते लिहून घेतले. मागल्या रांगेत, कोटाची गुंडी सोडून, नुकतेच येऊन बसलेले फोवेल साहेब, त्यांणीही लिहून घेतले.

टाळ्या पडल्या आणि ओसरल्या, आणि सभापतीबाई पुढील नाव शोधू लागल्या, त्या शांततेत मागल्या रांगेतून साहेबांस एक ढेकर आली. दीर्घ, भरदार, साऱ्या दालनास ऐकू जाईल ऐसी. सलामीची तोफ यापरती नाही.

येणेप्रमाणे मार्च महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी, दिवसाचे साडेतीन वाजता, लिओं मुक्कामी, बंद दारे दोन, परतवलेल्या चाली दोन, गाजर एक आणि भरपेट जेवण एक इतक्या खर्चाने, ओदील तांगी यांणी स्वतःचे नाव काबीज केले. ते आजतागायत त्यांच्याच ताब्यात आहे.