इस्त्रीच्या टेबलामागचा बार

जी गोष्ट सहज सापडते तिला प्रतिष्ठा नसते, हे तत्त्व सुसंस्कृत समाजाने केव्हाच मान्य केले आहे. त्यामुळे रस्त्यावर दार, दारावर पाटी आणि पाटीवर ‘बार’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेला बार आपल्या शहरात आता ओशाळवाणा समजला जातो. माणसाला तहान लागली, तो चालत गेला आणि प्यायला. यात त्याचे कर्तृत्व ते काय?

शहरात सध्या छुपे बार चौतीस आहेत (न सापडलेले मोजायला गेलेली समिती अद्याप परतलेली नाही). नवख्याने त्यांतले तीन तरी पाहावेत. पहिला फर्निचरच्या दुकानात, डावीकडून तिसऱ्या कपाटातून आत. मध्यंतरी एका नवविवाहित जोडप्याने नेमके तेच कपाट पसंत केले आणि दुकानाने ते तत्परतेने घरपोच पाठवले. त्यात असलेले दोन नियमित ग्राहक आता त्या जोडप्याकडेच राहतात. तक्रार कोणाचीच नाही. दुसरा दंतवैद्याच्या दवाखान्यामागे. ‘कोणता दात दुखतो?’ असे विचारल्यावर ‘कोणताच नाही’ म्हणायचे असते. एक गृहस्थ गडबडीत ‘खालचा’ म्हणाले. दाढ गेली, पण ‘वातावरण अस्सल आहे’ असा अभिप्राय त्यांनी कापूस चावत नोंदवला. तिसऱ्या बारमध्ये आजवर कोणालाच प्रवेश मिळालेला नाही. त्याला पाचपैकी पाच तारे आहेत.

चौथा माझ्या मामाचा. त्याची हकिगत जरा सविस्तर सांगणे भाग आहे.

मामाचा बार बावीस वर्षे कोपऱ्यावर उघडपणे उभा होता. आठ टेबले, एक पंखा, आणि खिडकीजवळ एक खुर्ची, जिच्यावर रोज संध्याकाळी सहा वाजता नकाशेकाका बसत. काका नगररचना कार्यालयातून निवृत्त झालेले नकाशाकार. या शहराची प्रत्येक गल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने आखलेली. सात वाजेपर्यंत मामा त्यांच्यासमोर बसे. दोघे फारसे बोलत नसत. तिरपे ऊन टेबलावरून हळूहळू सरकत भिंतीवर जाई, एवढीच काय ती घडामोड. पण छुप्या बारांची टूम आली आणि उरलेली सात टेबले ओस पडली.

तेव्हा कुटुंबाने सल्लागार म्हणून माझी नेमणूक केली. घरी पाहुणे आले की न सापडण्याचा माझा दीर्घ अनुभव त्यामागे होता. (“कुठं दडायचं ते याला विचारा,” मामी म्हणाली. “हा तर घरातल्या घरात हरवतो.”) माझ्या शिफारशीनुसार पाटी उतरवली. बार मागच्या खोल्यांत गेला, आणि पुढे लाँड्री आली: एक काउंटर, एक इस्त्रीचे टेबल, हँगरना टांगलेले शर्ट, आणि वाफ. नियमावली मीच लिहिली. कलम एक: ‘इथे बार आहे का?’ असे सरळ विचारणाऱ्यास ‘नाही’ म्हणावे. कलम दोन: ‘डाग जुना आहे, पण आशा आहे’ असे म्हणणाऱ्यास आत सोडावे. कलम तीन: ओळखीचा, नात्याचा वा जुना ग्राहक म्हणून कोणासही सवलत नाही.

बार तुडुंब चालू लागला. एक बाई खरोखरच डाग पडलेला टेबलक्लॉथ घेऊन आल्या आणि खरोखरच आशेने बोलल्या. त्यांना आत नेण्यात आले. त्या आता दर गुरुवारी येतात. टेबलक्लॉथ अजून तसाच आहे.

आणि पहिल्याच संध्याकाळी, सहा वाजता, नकाशेकाका आले.

“इथे बार होता,” ते म्हणाले.

मामाने माझ्याकडे पाहिले. मी कलम एककडे पाहिले.

“नाही,” मामा म्हणाला.

“मग हे काय आहे?”

“लाँड्री.”

“आणि तू इथे काय करतोस?”

“इस्त्री.”

काकांनी शांतपणे अंगातला कोट काढला आणि काउंटरवर ठेवला. “मग कर.”

इस्त्री होईपर्यंत ते उभे राहिले. कोट चढवला आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला. परवलीचे वाक्य मी त्यांच्या कानावर घालून पाहिले. ते म्हणाले, “बाळा, या गावाचा नकाशा मी काढलाय. मित्राच्या घरात शिरायला मी तुझं पाठांतर म्हणू?”

असे एकोणीस दिवस चालले. आतल्या गिऱ्हाइकांत काका लोकप्रिय झाले, दाराच्या फटीतून त्यांना पाहून लोक म्हणत, “तो म्हातारा काय नैसर्गिक अभिनय करतो!” धंदा तिपटीने वाढला. मामाची भूक मात्र निम्म्यावर आली (मोजमाप मामीचे).

“बावीस वर्षं त्याची खुर्ची पुसलीत,” मामी म्हणाली, “आता त्याचा कोट गुळगुळीत करा. आणखी पंधरा दिवसांत त्यातून पलीकडचं दिसेल, तेव्हा तरी बोला काहीतरी!”

विसाव्या दिवशी काका कोट न काढताच म्हणाले, “उद्यापासून येत नाही. कापड विरलंय.”

मामाच्या हातात इस्त्री होती, खाली कोणाचा तरी शर्ट. नियमावलीत या प्रसंगासाठी कलम नव्हते. हा दोष माझा. इस्त्री शर्टावर होती तिथेच टेकून राहिली.

“घाईत आहेस का?” मामाने विचारले.

“मी? निवृत्त माणसाला कसली घाई?”

मामाने शर्ट बाजूला सारला. मामीने, कोणी सांगण्याआधीच, आतून काकांची ती खिडकीजवळची खुर्ची आणि दोन ग्लास आणले. इस्त्रीचे टेबल उबदार होते. ऊन शर्टांमधून गाळून येत होते. दोघे नेहमीसारखेच काही बोलले नाहीत. मग काका एकदम म्हणाले, “इस्त्री वाईट करतोस रे तू,” आणि दोघे इतके हसले, की आतली मंडळी गुप्तता विसरून बाहेर डोकावली. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा त्रिकोण उमटला होता. तो शर्ट मालकाने तक्रार न करता नेला. बहुधा पाहिलाच नाही.

तेव्हापासून आतला बार सामान्य झाला आहे, आणि अस्सल छुपा बार बाहेर, काउंटरच्या अलीकडे, सहा ते सात चालतो. दार सताड उघडे असते. परवली नाही, यादी नाही. मामा कपडे घेताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: “घाईत आहात का?” ‘नाही’ म्हणणाऱ्याला खुर्ची मिळते. गेल्या महिन्यात चारशे बारा जणांना विचारले गेले. खुर्च्या लागल्या तीन. त्यांतली एक काकांची. इतका काटेकोर बंदोबस्त शहरात दुसऱ्या कोणत्याही बारला साधलेला नाही.

वाचकहो, आपण हे सर्व पत्त्यासाठी वाचत आलात, याची कल्पना आहे. पत्ता आपल्याला ठाऊक आहे. गेल्या मंगळवारी सव्वासहाला आपण आला होतात, दोन शर्ट घेऊन. मामाने आपल्यालाही विचारले होते. आपण फोनमधून मान वर न काढता ‘हो’ म्हणालात.

शर्ट तयार आहेत. यांतल्याही एकाच्या पाठीवर एक त्रिकोण आहे. तेवढा पाहून घ्या.