बापाचं नाक

आमच्या गेनूतात्यांसमोर पणजोबाचं नाव सांगताना अडखळणाऱ्याची धडगत नव्हती. त्यांच्या नातीला बघायला कळंबकडचे पाहुणे आले, तर चहा यायच्या आधीच तात्यांनी नवरदेवाची वंशावळ काढली. मुलगा आजोबापर्यंत पोचला आणि थांबला. तात्या म्हणाले, "फुडं? का आज्या आभाळातनं पडला?" पाहुणे चहा न घेताच उठले.

"तोंडी नगं, कागुद दाव," हे त्यांचं पालुपद. बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायला जात. हजेरीच्या कारकुनानं नुसतं 'गेनू राम' लिहिलं, तर अंगठा द्यायला साफ नकार. "माझा बाप पलटणीत सिपाई हुता. पुरं नाव लिवा." मागं रांग खोळंबलेली, बाया शिव्या देतायत आणि तात्या ढिम्म.

या बापाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तात्या आईच्या पोटात असताना तो बार्शीला भरती झाला, पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. बार्शी इंग्रजांची, आमचं गाव निजामाचं. पलटणीचा कागद निघाला असलाच तर मधे कुठं अडकला, कोण जाणे. 'रण सोडून पळाला, तिकडंच दुसरा घरोबा केला,' असं गाव म्हणायचं. तात्यांची आई ते ऐकतच मेली. बाप पळाला नव्हता, एवढंच तात्यांना कागदावर हवं होतं.

पलटणीच्या दप्तराला इंग्रजीत अर्ज लिहायचं काम माझ्याकडं, कारण वस्तीतला मास्तर मी. दोनदा उत्तर आलं, या नावाचा शिपाई आढळत नाही. तिसऱ्या खेपेला तात्या म्हणाले, "वाचून दाव बरं."

"रामचंद्र धोंडिबा..."

"ह्यो कोन?"

मला सांगावंच लागलं. जुन्या काळी आमच्या महार लोकांच्या नावाला 'नाक' जोडलेलं असे. पुढं त्यावरून हिणवायला लागले, म्हणून आम्ही शिकलेल्यांनी ते टाकलं. त्याच झपाट्यात मी रामनाक धोंडनाकाचाही परस्पर रामचंद्र धोंडिबा करून टाकला होता.

"लढाईत न्हाय कापलं ते माझ्या बापाचं नाक तू कापलंस व्हय रं, मास्तर?" तात्या कडाडले. "त्याच नावानं बंदूक उचलली त्यानं. तुला कशाची लाज वाटली?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट्यानं नाक जोडलं आणि अर्ज धाडला.

चार महिन्यांनी उत्तर आलं. मी मराठीत सांगू लागलो. शिपाई रामनाक धोंडनाक. चालचलन उत्तम. नोकरीवर असताना बसऱ्याच्या दवाखान्यात तापानं मृत्यू. तात्यांची मान ताठ झाली, आणि खरं सांगतो, माझीही.

"वारस, मुलगा गेनू," मी शेवटची ओळ वाचली आणि थबकलो. तात्या तर बाप पलटणीत गेल्यावर जन्मले होते. म्हणजे आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र बसऱ्याला पोचलं होतं, आणि त्यानं दप्तरात जाऊन पोराचं नाव घालून घेतलं होतं.

तात्यांना अक्षरओळख नव्हती. "कुठं लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी तिथं बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "बापाला माझं नाव ठावं हुतं."